चांगलं मेंढरू कळपाच्या मधे

पसंती क्रमांक २ : पुणे. बी.ए. एलएल.बी., पाच वर्षे.

दोन नंबरला पुणं होतं. एक नंबरला काय होतं ते पुढं येईल. सटवाच्या घराण्यात मोलाची गोष्ट आधी सांगायची रीत नाही, आणि ही गोष्ट त्याच घरची आहे.

सटवा मेंढपाळ. पावसाळाभर सिरसाळ्याच्या माळावर त्याचा तळ असतो, आणि दिवाळी झाली की कळप घेऊन तो नदीकाठच्या मुलखात उतरतो. बायको साखराबाई. एकुलती पोर सुकन्या, जी सिरसाळ्यात मावशीकडे राहून बारावी झाली. वाटेत कुणी विचारलं की मामा, मेंढरं किती, तर सटवा म्हणतो, हायेत की पाच-पंचवीस. मेंढरं शंभराच्या वर असतात. विचारणाऱ्यालाही ती दिसत असतातच. यात कुणी कुणाला फसवत नाही. खरा आकडा तोंडाबाहेर पडला की त्याला नजर लागते, म्हणून तो तोंडातच ठेवायचा, एवढंच.

संध्याकाळी मेंढरं मोजत नाहीत. काठ्यांना जाळी बांधून केलेलं कुंपण असतं, त्याच्या तोंडाशी साखराबाई उभी राहते, एकेकीला आत सोडते, आणि शेवटी म्हणते, काळतोंडी न्हाई आली. काळतोंडी खरंच आलेली नसते. वाटेनं चालतानाही एक नेम आहे. पुढं एखादी लंगडी, अंगावरची लोकर झडलेली मेंढी. चांगली मेंढरं मधे. बघणाऱ्याची नजर पहिल्यावर पडते. ती तिथंच पडून विरून जावी.

हे सुकन्याला कुणी बसवून शिकवलं नाही. चालायला शिकली तसंच हेही आलं.

कोर्टातल्या साक्षीची नक्कल, पान चार. फिर्यादीची उलटतपासणी.

प्रश्न : तुमची किती मेंढरे चोरीस गेली?
उत्तर : अकरा.
प्रश्न : टेम्पोत एकोणीस सापडली. मग वरची आठ कोणाची?
उत्तर : माझीच.
प्रश्न : म्हणजे पोलिसांना अकरा सांगितले ते खोटे?
उत्तर : खोटे नाही. अकराच सांगितली.
प्रश्न : सांगितली किती ते विचारत नाही. गेली किती?
उत्तर : जितकी होती तितकी गेली.
प्रश्न : आकडा सांगा.
(साक्षीदार उत्तर देत नाही.)

घाटनांदूरच्या शिवारात तळ असताना मेंढरं गेली होती. दोन दिवसांनी टेम्पो सापडला. ज्याच्याकडं सापडला तो म्हणाला, बाजारातून विकत घेतलीत. वर्षभरानं अंबाजोगाईच्या कोर्टात सटवाला बोलावणं आलं, तेव्हा सुकन्या बारा वर्षांची होती. आईशेजारी शेवटच्या बाकावर बसली होती. तिला ती एकोणीस तोंडपाठ होती. ढवळी, कानफाटी, बांडी, ढवळीची दोन कोकरं, एक डोळा निळसर असलेली मोरी... आकडा तिच्या जिभेवर आला होता. साखराबाईनं तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तो तिथंच दाबून धरला.

निकाल तीन महिन्यांनी लागला. मेंढरं फिर्यादीचीच आहेत याबद्दल शंका राहते, असं त्यात होतं. आरोपी सुटला. माल ज्याच्याकडून जप्त केला त्याला परत, अशा हिशेबानं एकोणीसच्या एकोणीस त्याच्या दारात गेली. सटवाच्या बाजूनं उभा असलेला सरकारी वकील माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी त्याच्या टेबलावर पुष्कळ कागद होते, आणि मेंढपाळ कमी का सांगतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विचारावं हे त्याच्या मनात आलं नाही. सांगावं हे सटवाच्या मनात आलं नाही.

त्यानंतर सटवानं कोर्टाचं नाव काढलं नाही. अकरावीत असताना सुकन्यानं त्या साक्षीची नक्कल मागवली. कॉलेजातल्या सोमनाथ सरांनी अर्ज लिहून दिला होता. कंसातली ती ओळ तिनं इतक्यांदा वाचली की घडीवर कागद फाटला. तो कागद आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका एकाच प्लास्टिकच्या पिशवीत राहायच्या.

अभ्यासक्रम निवडा.

कायदाच शिकायचा हे ठरलेलं होतं. कुठून आणि कशातून, ते ठरत नव्हतं.

सोमनाथ सर राज्यशास्त्र शिकवायचे. रविवारी ते मोटारसायकलवरून तळावर आले आणि पोत्यावर बसून त्यांनी सगळं मांडून सांगितलं. वाटा दोन. एक म्हणजे आधी तीन वर्षांची साधी पदवी, अंबाजोगाईला राहून, आणि मग तीन वर्षं कायदा. दुसरी म्हणजे बारावीनंतर लगेच पाच वर्षांचा अभ्यासक्रम, ज्यात पदवी आणि कायदा एकत्रच. त्यातही बी.ए. घ्यायचं की व्यवसाय व्यवस्थापन, हे निवडायचं. सरांच्या मते व्यवस्थापनाला पुढं मोठ्या कंपन्यांत मान होता. पोरीची सी.ई.टी. चांगली गेली होती, तिला काहीही मिळण्यासारखं होतं.

सटवा काठीनं माती उकरत ऐकत होता. सरांचं बोलून झाल्यावर त्यानं एकच विचारलं.

"समोरचा माणूस का गप बसला, ह्ये शिकवणारा इषय हाय का त्यात?"

सरांनी सुकन्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "बी.ए.ला समाजशास्त्र असतं. त्यात थोडंफार येतं."

"मंग त्यो घे," सटवा म्हणाला आणि उठून मेंढरांकडं गेला.

विषय असा ठरला. पुणंही त्याच दिवशी ठरलं. सरांनी मोबाइलवर पुण्याच्या कॉलेजातलं एक व्हिडिओ दाखवला. वर्गातच कोर्ट मांडलेलं. एक मुलगी काळा कोट घालून साक्षीदाराला प्रश्न विचारत होती, आणि शिक्षक तिला मधेच थांबवून सांगत होते की असं नाही, त्याला आधी त्याच्या घरचं विचार, धंद्याचं विचार, मग आकड्यावर ये. हे तिथं दर शनिवारी चालायचं. सुकन्यानं ते चार वेळा पाहिलं. गेल्या वर्षी पुण्याचा प्रवेश जिथं थांबला होता त्याच्यापेक्षा तिचे सहा गुण जास्त होते.

बीडच्या अलीकडं रस्त्यालगत एक नवं कॉलेज होतं. तेही यादीत टाकून ठेव, सर म्हणाले, असावं एक जवळचं. तिथंही बी.ए. एलएल.बी. होतं. पुस्तकांची दोन कपाटं होती. वर्गातलं कोर्ट वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात.

साखराबाईनं त्या संध्याकाळी नारायणगडाच्या दिशेला हात जोडले आणि नारळ बोलली. कशासाठी ते देवालाही सांगितलं नाही.

सूचना : पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती आपोआप कायम होईल. अशा उमेदवारास पुढील फेऱ्यांत भाग घेता येणार नाही.

सिरसाळ्यात बसथांब्याजवळ एक पत्र्याचा गाळा आहे. अर्ध्यात चाँद मोटारसायकली दुरुस्त करतो, अर्ध्यात त्याची बायको मुनिरा ऑनलाइन फॉर्म भरते. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, सगळ्या गावाचे सरकारी कागद तिच्या बोटांखालून जातात. सुकन्या तिला आपा म्हणायची.

फॉर्मच्या दिवशी साखराबाईही आली. आत न येता उंबऱ्यावर बसली. सुकन्यानं घरून चिठ्ठी लिहून आणली होती. एक पुणे, दोन बीडकडचं. मुनिरानं सूचना मोठ्यानं वाचली. मग आपल्या भाषेत पुन्हा सांगितली, की पैल्या नंबरला जे लावशील ते मिळालं तर लॉक. मग रडून उपयोग न्हाई.

चाँद पलीकडून, चाकाखाली पडल्या पडल्या म्हणाला, "वकिलाची डिग्री कोण बघतंय? जबान बघतेत. आन् ही पोरगी तर दिवसात चार शब्द बोलती."

"तुमचा पाना सांभाळा," मुनिरा म्हणाली.

पडद्यावर रिकामे चौकोन आले. पहिल्या चौकोनात पुण्याचं नाव आलं, ठळक, सगळ्यांच्या वर. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ते दिसेल असं सुकन्याला वाटलं. तिनं मागं पाहिलं. साखराबाईला वाचता येत नव्हतं, पण वर काहीतरी आहे हे तिला कळत होतं.

"सगळ्यात वर काय हाय?" तिनं विचारलं.

"पुणं."

साखराबाई हळूच म्हणाली, "चांगलं पुढं नगं ठिवू, बाई."

खरं सांगायचं तर सुकन्याला हे ऐकायचंच होतं. सूचना तिला कळली नव्हती असं नाही. शब्दन् शब्द कळली होती. पण तिच्या मनात असं होतं, की सहा गुण जास्त आहेत ते समोरच्याला दिसतातच. पुण्याचे गुण आहेत तर पुणंच देतील; वर लिहिलं काय, खाली लिहिलं काय. विचारणाऱ्याला कळतंच. पाच-पंचवीस म्हटलं तरी शंभर कळतातच.

तिनं मुनिराला क्रम बदलायला सांगितला. मुनिराचं बोट थांबलं. तिनं दोनदा विचारलं, पक्का ना? सुकन्या पक्का म्हणाली. मुनिराला वाटलं, पोरीला आईबापाजवळ राहायचं असेल, आणि तिला ते आवडलंही. मोबाइलवर आलेला ओ.टी.पी. सुकन्यानं स्वतः वाचून दाखवला. फॉर्म गेला.

वाटप : पसंती क्रमांक १. जागा कायम.

निकाल आला तेव्हा सुकन्या कळपामागं चालत होती. पुढं लंगडी होती. सुकन्यानं निरोप वाचला आणि मोबाइल ओच्यात ठेवला. पाच-सहा पावलं गेल्यावर पुन्हा काढला.

दुपारी सुकन्या गाळ्यात आली, तेव्हा मुनिरानं पुण्याची यादी उघडून पाहिली. ह्या वर्षी प्रवेश सुकन्याच्या पाच गुण खाली येऊन थांबला होता. म्हणजे क्रम सरळ असता तर... मुनिरानं ते वाक्य पुरं केलं नाही. सोमनाथ सर फोनवर म्हणाले की तक्रारीला दोन दिवस असतात. अर्ज भरून देणाऱ्या केंद्राकडून चूक झाली असं दाखवता आलं तर कधीकधी ऐकतात. तसं प्रतिज्ञापत्र करावं लागेल.

मुनिरानं फोनवरचं ते ऐकलं. खुर्ची ओढून ती सुकन्याजवळ बसली.

"लिही की मुनिराच्या हातून उलटं झालं. मी सही देते."

पलीकडचा ठोकण्याचा आवाज थांबला. चाँद हात पुसत उभा राहिला. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. त्यानं बायकोला आठवण करून दिली की चूक कबूल केली तर सेंटरचा आय.डी. बंद होतो, मागं एकाचा झालेला. मुनिरा म्हणाली, माहीत हाय. ठोकणं पुन्हा सुरू झालं नाही.

अर्ज, पहिला.

मी, सुकन्या सटवा, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, पसंतीक्रम भरताना केंद्रचालिकेच्या नजरचुकीने क्रमांक एक व दोन यांची अदलाबदल

इथपर्यंत लिहून तिनं तो घरी नेला.

सटवा तळावर मेंढीच्या खुराला औषध लावत होता. सुकन्यानं त्याला सगळं सांगितलं. सहा गुण, पाच गुण, वरचा चौकोन, आईचं बोलणं. साखराबाई चुलीशी होती. तिनं मान वर केली नाही. मग सुकन्यानं कागद वाचून दाखवला.

सटवानं मेंढीचा पाय सोडला.

"ह्ये खोटं हाय?"

"हाय, आबा."

"शपथेवर?"

"शपथेवर."

त्यानं औषधाची बाटली मातीत रोवली. "मी गेलतो तवा शपथेवर खोटं न्हवतो बोललो," तो म्हणाला. "जपून बोललो. त्यांला दोन्ही येकच वाटलं."

पाच वर्षांत त्यानं त्या दिवसाचं पहिल्यांदा काही काढलं होतं. सुकन्या वाट पाहत राहिली. तो कर म्हणाला नाही, करू नको म्हणाला नाही. ती लंगडी मेंढी त्याच्या गुडघ्याला अंग घासत उभी होती. तिच्या कानावर हात ठेवून तो बसून राहिला.

साखराबाई मात्र बोलली. "माझं नाव लिव. म्हनावं, आयला अक्कल न्हाई."

"माय, तू नुसती बोललीस. नंबर मी फिरवला."

"मी म्हनले म्हनून फिरवलास."

"मला फिरवायचाच व्हता."

त्यावर साखराबाईनं भाकरी उलटली. ती एका बाजूनं जळाली होती.

अर्ज, दुसरा.

माझ्या आईच्या सांगण्यावरून

एवढंच. हाही खोडलेला.

अर्ज, तिसरा.

पसंतीक्रम मी स्वतः भरला. केंद्रचालिकेने मला नियम दोनदा वाचून दाखवला व दोनदा विचारले. त्यांची चूक नाही. माझी पहिली पसंती पुणे हीच होती व आहे. आम्ही मेंढपाळ आहोत. आमच्यात चांगली वस्तू पुढे ठेवत नाहीत व खरा आकडा सांगत नाहीत. समोरच्याला ते समजते असे आम्ही धरून चालतो. मीही तसेच धरले. नियम मोडून जागा मागत नाही. माझे गुण व माझे म्हणणे पाहून, नियमात बसत असेल तर विचार व्हावा.

मुनिरानं ते टाइप करताना दोनदा चष्मा पुसला. "हे लिहिलंस तर न्हाई मिळणार, बेटा," ती म्हणाली. सुकन्यानं मान हलवली. मुनिरानं पाठवा हे बटण दाबायला माऊस तिच्या हातात दिला.

चाँदनं पलीकडून पाण्याची बाटली आणून टेबलावर ठेवली आणि परत जाऊन पाना उचलला.

उत्तर.

उमेदवाराने पसंतीक्रम स्वतः भरल्याचे मान्य केले आहे. विनंती अमान्य.

सोमनाथ सर म्हणाले, एक वर्ष थांब, पुन्हा सी.ई.टी. दे. पुणं कुठं पळून जात नाही. सुकन्यानं एक रात्र विचार केला. दिवाळीनंतर कळप हलणार होता. मावशीच्या घरी आता तिच्या मुलाची बायको येणार होती. एक वर्ष म्हणजे कुठं राहायचं, हा प्रश्न होता. पण सकाळी तिनं सरांना फोनवर जे सांगितलं त्यात हे काही नव्हतं. ती म्हणाली, मी लिहून दिलेलं आहे, सर. एक नंबर मीच लिहिला.

तिनं सरांकडून एकच मागून घेतलं. पुण्याच्या पाच वर्षांच्या विषयांची यादी. तिसऱ्या वर्षाच्या पुरावा कायद्याखाली तिनं रेघ ओढली, आणि ती यादी नकलेच्या पिशवीत ठेवली. बीडकडच्या कॉलेजातल्या पुस्तकांच्या दोन कपाटांत काय आहे ते तिला अजून पाहायचं होतं. वर्गातलं कोर्ट वर्षातून एकदाच का, हेही विचारायचं होतं. दर शनिवारी झाडाखाली बसलं तर कोण अडवणार होतं?

उत्पन्नाचा दाखला. रकाना नऊ : पशुधन, प्रकार व संख्या.

वसतिगृहासाठी दाखला लागत होता. त्यासाठी अर्जदाराचा बाप हजर हवा, म्हणून सटवा गाळ्यात आला. चपला बाहेर काढून, काठी दाराला टेकवून तो आत स्टुलावर बसला. साखराबाई तिच्या उंबऱ्यावर.

मुनिरानं नाव, गाव, वय भरलं. नववा रकाना दरवर्षीचाच होता. सटवाचा कोणताही कागद असला की तिथं ती न विचारता पंचवीस टाकायची. तलाठ्यालाही ते माहीत होतं. तिनं दोनाचा आकडा दाबलाही.

"थांबा," सटवा म्हणाला.

मुनिरानं त्याच्याकडं पाहिलं.

त्यानं पोरीकडं पाहिलं नाही, बायकोकडं पाहिलं नाही. पडद्याकडं, जिथं त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तिथं पाहत तो म्हणाला, "एकशे तेरा."

उंबऱ्यावर साखराबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं.

मुनिरा सावकाश बोलली. "सटवामामा, एवढं लिहिलं तर दाखल्यावर उत्पन्न वाढेल. वसतिगृहाला अडचण येईल का ते बघायला लागेल."

"बघा. पन लिवा."

तिनं लिहिलं. एक, एक, तीन. सुकन्या बापाच्या मागं उभी होती. सकाळी तिनं जाळीच्या तोंडाशी उभं राहून मनात जो आकडा धरला होता, तोच पडद्यावर होता.

"आनि एकोणीस," सटवा म्हणाला.

"ती कुठली, मामा?"

"गेलेली."

"त्याला इथं रकाना न्हाई."

"म्हाईत हाय. नगं लिवू."

पलीकडं चाँदच्या हातातली मोटारसायकल एकदा धडधडून बंद पडली. सुकन्या पुढं झाली आणि स्टुलाजवळ खाली बसली, म्हणजे तिचं तोंड बापाच्या तोंडासमोर आलं.

"आबा," तिनं विचारलं, "त्यातली पहिली कोण व्हती? नावानं सांगा."

"ढवळी," सटवा म्हणाला. "मंग कानफाटी."